खड्डे बुजवायच्या आधी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र सावकाश वाचलं. सोळाव्या वर्षी सुरू झालेले मुरुम सत्ताविसाव्या वर्षीही थांबायला तयार नाहीत. पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येतात, गालांवर काळपट डाग आणि खड्डे राहिलेत. आजवर बरीच क्रीमं आणलीस, पंधरा दिवस-तीन आठवडे लावलीस आणि फरक नाही म्हणून सोडून दिलीस. सध्या एका मैत्रिणीने दिलेली ट्यूब लावतेस. तिने चेहरा उजळतो, पण दोन दिवस लावली नाही की लाल होतो, आग होते आणि मुरुम दुपटीने येतात. कामाच्या व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवतेस. आता साठवलेल्या पैशांतून लेझर करून घ्यायचं म्हणतेस आणि विचारतेस, ‘कुठलं लेझर सगळ्यात चांगलं?’ शिवाय शेवटी जाता जाता लिहिलंस की वर्ष-दोन वर्षांत मूल हवं आहे. मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण कुठला उपचार आधी आणि कुठला नंतर, हे बरंचसं त्यावर ठरणार आहे.

सरळ उत्तर आधी देते. आत्ता कुठलंच लेझर नको. खड्ड्यांवर चांगले उपचार आहेत आणि त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण तुझ्या हनुवटीवर दर महिन्याला नव्या गाठी येताहेत आणि त्यातली प्रत्येक गाठ नवा खड्डा करू शकते. जुने बुजवत राहायचे आणि शेजारी नवे पडत राहायचे, यात पैसा जातो, उमेद जाते. सूज असलेल्या चेहऱ्यावर लेझर किंवा सुया चालवल्या तर डाग वाढण्याचीही भीती असते. आधी मुरुम थांबले पाहिजेत आणि काही महिने थांबलेले राहिले पाहिजेत.

आणि त्याच्याही आधी ती ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात घटक छापलेले असतील. त्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव आहे का ते आजच बघ. ही सगळी स्टेरॉइडं आहेत. बऱ्याचदा त्यांच्या जोडीला डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन घातलेलं असतं. हे मिश्रण वांगासारख्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांपुरतं वापरायचं औषध आहे. मुरुमांवर रोज लावायची ती क्रीम नव्हे. स्टेरॉइडने लाली आणि सूज झटक्यात उतरते, त्वचा उजळ दिसते, म्हणून ते गुणकारी वाटतं. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मुरुमांवर लावलेल्या औषधानेच नवे मुरुम येऊ लागतात. बंद केलं की चेहरा पेटतो. मग घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उचलतो. तू लिहिलेलं वर्णन याच्याशी इतकं जुळतं की घटक न बघताही मला दाट शंका आहे. आणि ट्यूबवर घटकच छापलेले नसतील तर शंका आणखी वाढते.

ती बंद करावी लागेल, पण एकटीने नको. त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूब घेऊन जा, किती महिने आणि दिवसातून किती वेळा लावलीस ते सांग. ते कधी हळूहळू कमी करत बंद करतात, कधी एकदम बंद करून त्या काळापुरतं स्टेरॉइड नसलेलं दाह शमवणारं मलम देतात. पहिले काही आठवडे चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल. हे मी आधीच सांगते आहे, कारण याच टप्प्यावर बहुतेक जणी माघार घेतात. त्या दिवसांत सौम्य फेसवॉश, साधं सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. त्वचा शांत झाल्याशिवाय पुढे लिहिलेली मुरुमांची क्रीमंही सुरू करू नकोस, सहन होणार नाहीत. ज्या मैत्रिणीने ट्यूब दिली तिलाही हे कळव. तिने प्रेमानेच दिली असणार, आणि तीही ती लावत असणार.

आता इतकी क्रीमं ‘फुकट’ का गेली ते समजून घे. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथल्या मृत पेशी नीट बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, छिद्राचं तोंड बंद होतं, आत तेल साठतं. त्या कोंडलेल्या तेलात क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, एरवी आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू फोफावतो, शरीर त्याच्याशी लढायला धावतं आणि सूज, लाली, पू होतो. हे सगळं वर दिसायच्या कित्येक आठवडे आधी आत सुरू झालेलं असतं. म्हणजे आज लावलेलं क्रीम प्रामुख्याने दीड-दोन महिन्यांनी येणारे मुरुम अडवतं. पंधरा दिवसांनी तू पाहिलेला मुरुम त्या क्रीमच्या आधीचा होता. कुठल्याही उपचाराला बारा आठवडे दिल्याशिवाय तो चालला की नाही हे सांगता येत नाही. तुझी निदान काही क्रीमं चांगली असतील आणि त्यांना वेळच मिळाला नसेल, असं मला वाटतं.

याच कारणाने चेहरा घासण्यात अर्थ नाही. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. उघड्या छिद्रातल्या मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याचा, हवेशी संबंध आला की तो रंग येतो. तो स्क्रबने खरवडून निघत नाही, त्वचा मात्र सोलवटते. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि भाजल्याचा डाग मुरुमाच्या डागापेक्षा जास्त टिकतो.

लावायच्या औषधांचा कणा आहे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. त्यातलं ॲडापालीन ०.१ टक्के हे सुरुवातीला सहन व्हायला सोपं. ते छिद्राचं तोंड बंद होऊ देत नाही, म्हणजे मुळाशीच काम करतं. जोडीला बेन्झॉइल परॉक्साइड, जे जिवाणू मारतं आणि ज्याला जिवाणू निर्ढावत नाहीत. हे २.५ टक्क्यांचं घे. १० टक्क्यांचं घेतलं तर मुरुमांवर फायदा जवळपास तेवढाच होतो आणि जळजळ मात्र वाढते. एक सावधगिरी, त्याने टॉवेल, उशीचे अभ्रे आणि गडद कपडे विटतात. ॲडापालीनऐवजी ट्रेटिनोइन हे दुसरं रेटिनॉइड दिलं असेल तर ते आणि बेन्झॉइल परॉक्साइड एकाच वेळी लावू नकोस. जुन्या पद्धतीचं ट्रेटिनोइन बेन्झॉइल परॉक्साइडने आणि उजेडाने निकामी होतं, म्हणून एक सकाळी, दुसरं रात्री. ॲडापालीनला ही अडचण नाही.

रेटिनॉइड लावायची रीत चुकते म्हणून कितीतरी जणी ते सोडून देतात, तेव्हा हे नीट वाच. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ दे. वाटाण्याएवढं औषध सबंध चेहऱ्याला पुरतं. फक्त मुरुमावर टिपका लावायचा नसतो, कारण जो मुरुम अजून दिसत नाही त्याच्यासाठी हे औषध आहे. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावू नकोस. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र आड, सहन झालं की रोज. त्वचा फार कोरडी पडली तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर, असं चालतं. पहिल्या महिनाभरात थोडी सालं निघतील, कदाचित मुरुम जरा वाढतीलही. ते औषध बाधल्याचं लक्षण नसतं. सूज आली, पाणी सुटलं किंवा आग सहन होईना, तर मात्र थांबायचं आणि दाखवायचं. मुरुम गेल्यावरही रेटिनॉइड चालू ठेवतात, नाहीतर काही महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

ॲझेलाइक ॲसिडचा विचार तुझ्याबाबतीत मी जास्त करेन. १५ किंवा २० टक्क्यांचं मिळतं, मुरुमांवर चालतं, काळ्या डागांवरही चालतं, आणि गरोदरपणात सुरक्षित मानलं जातं. रेटिनॉइडचं तसं नाही. लावायचं असलं तरी मूल होण्यासाठी प्रयत्न सुरू करताना ते बंद करतात.

पाळीच्या आधी, हनुवटीवर, खोल आणि दुखऱ्या गाठी, सत्ताविसाव्या वर्षी. यात हॉर्मोनचा हात दिसतो. पाळी नियमित येते का हे तू लिहिलं नाहीस. पस्तीस दिवसांहून जास्त लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयांशी संबंधित हॉर्मोनच्या बिघाडाची, तपासणी व्हायला हवी, आणि मूल हवं आहे म्हणून तर ती आधीच झालेली बरी. अशा मुरुमांवर एकत्रित (दोन हॉर्मोनच्या) गर्भनिरोधक गोळ्या किंवा पुरुषी हॉर्मोनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन यांचा छान उपयोग होतो. गर्भनिरोधक गोळ्या प्रत्येकीला चालत नाहीत. धूम्रपान, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी, असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात घेता येत नाही, म्हणून ते घेत असेपर्यंत गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते. दोन्हींचा परिणाम दिसायला तीन महिने तरी लागतात.

प्रतिजैविकांबद्दल थोडक्यात. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी सूज पटकन उतरवते, पण ती तीन-चार महिन्यांपुरती आणि लावायच्या औषधांच्या जोडीनेच. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हाला जपायचं. गरोदरपणात हीही नको. क्लिंडामायसिनचं जेल एकटं महिनोन्‌महिने लावणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. जिवाणू निर्ढावतात आणि जेल चालेनासं होतं.

आणि आता ते औषध, ज्याचं नाव घेतलं की घरचे घाबरतात. आयसोट्रेटिनोइन, पोटात घ्यायचं. १९८२ पासून वापरात आहे आणि मुरुमांच्या चारही कारणांवर, म्हणजे चिकटणाऱ्या पेशी, तेल, जिवाणू आणि सूज यांवर, एकदम काम करणारं दुसरं औषध नाही. खड्डे पाडणाऱ्या, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या मुरुमांसाठीच ते आहे, आणि तुला खड्डे पडताहेत. म्हणून डॉक्टरांनी ते सुचवलं तर दचकू नकोस. साधारणपणे दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि एकूण मात्रा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम होईपर्यंत देतात, म्हणजे बहुतेकांना पाच-सहा महिने किंवा थोडे जास्त. जेवणाबरोबर घ्यायचं, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ते चांगलं शोषलं जातं. ओठ फुटतात, जवळपास प्रत्येकाचेच. डोळे कोरडे पडतात, नाकाचा घोळणा फुटू शकतो. यकृत आणि रक्तातली चरबी यांची तपासणी होते. डॉक्सिसायक्लिनबरोबर घ्यायचं नाही, मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. मन फार उदास राहायला लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. हे घरच्या एखाद्या माणसालाही सांगून ठेव, कारण उदास माणसाला स्वतःचं उदास होणं लवकर कळत नाही.

पण तुझ्यासाठी खरी अट वेगळीच आहे. हे औषध चालू असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात, कानांत गंभीर व्यंग होऊ शकतं. यात तडजोड नाही. सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची चाचणी, सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, घेत असेपर्यंत आणि बंद केल्यावर निदान एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन. त्या काळात आणि त्यानंतर महिनाभर रक्तदानही नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं. एकदा औषध शरीरातून गेलं की नंतरच्या गरोदरपणावर त्याचा परिणाम राहत नाही. याचा अर्थ असा, की तुझ्याकडे वर्ष-दोन वर्षं असतील तर हे औषध घ्यायला आत्ताचा काळच योग्य आहे, आणि सहा महिन्यांतच प्रयत्न सुरू करायचे असतील तर मी ते सुरू करणार नाही. नवऱ्याशी बसून हा निर्णय आधी घे, मग डॉक्टरांकडे जा. पहिल्याच भेटीत पहिलं वाक्य हेच सांग.

आहाराचं विचारलं नाहीस, तरी शेजारीपाजारी सांगतच असतील. साखर आणि मैद्यासारखे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर काहींचे मुरुम कमी होतात. व्हे प्रोटीनच्या पावडरीने काहींचे वाढतात. यापलीकडे उपाशी राहून किंवा चार गोष्टी वर्ज्य करून काही साधणार नाही.

फोडण्याबद्दल मात्र मी आग्रही आहे. हनुवटीवरची खोल गाठ दाबली की तिची भिंत बाहेर फुटण्याऐवजी आत फुटते आणि सूज पसरते. खड्ड्यांना याने मोठा हातभार लागतो. अगदीच मोठी गाठ आली आणि महत्त्वाचा दिवस जवळ असला तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात पातळ केलेलं ट्रायमसिनोलोन अगदी थोडं टोचतात, दोन-तीन दिवसांत गाठ बसते. हेही स्टेरॉइडच, पण एका गाठीत एकदा जाणारं. तुझ्या ट्यूबशी त्याची तुलना नको. जास्त टोचलं तर तिथे तात्पुरती खळी पडू शकते, म्हणून हे सराव असलेल्या हाताचं काम.

आता डाग आणि खड्डे. तू पत्रात दोन्हींचा उल्लेख एका दमात केला आहेस, पण उपचार पूर्ण वेगळे आहेत. डोळे मिटून गालावर बोट फिरव. जिथे बोटाला काहीच लागत नाही आणि फक्त रंग वेगळा आहे, तो डाग. लाल किंवा जांभळट असेल तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्या आहेत, तपकिरी-काळपट असेल तर सुजेमुळे तिथे जास्त मेलॅनिन तयार झालंय. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हे तपकिरी डाग जास्त येतात आणि जास्त काळ राहतात. पण ते जातात. महिने लागतात, कधी वर्षही लागतं. रोज सनस्क्रीन, ३० किंवा जास्त एसपीएफचं, पुरेसं जाड लावलेलं. रंगाची छटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडवालं मिळालं तर आणखी चांगलं, कारण नुसत्या उजेडानेही असे डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. रेटिनॉइड आणि ॲझेलाइक ॲसिड मुरुमांबरोबर डागांवरही काम करत असतात. त्वचा शांत झाल्यावर सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिडची हलकी पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर हलकेच काढणारा लेप, वेग वाढवते. एवढ्याने तुझ्या चेहऱ्यावरचा बराचसा काळपटपणा जाईल आणि मग खरे खड्डे किती आहेत ते दिसेल. माझा अंदाज आहे की तुला वाटतात त्यापेक्षा ते कमी असतील.

खड्डे आपोआप भरत नाहीत आणि ट्यूबनेही फारसे भरत नाहीत. ॲडापालीन ०.३ टक्के आणि बेन्झॉइल परॉक्साइड मिळून सहा महिन्यांत थोडा फरक पडतो, तो घ्यावा. बाकी काम डॉक्टरांच्या हाताचं. आरशासमोर दिवा बाजूने धर आणि गाल दोन बोटांनी हलका ताण. ताणल्यावर जे उथळ लाटेसारखे भाग सपाट होतात, ते रुंद खड्डे. तिथे त्वचा खाली तंतूंनी धरून ठेवलेली असते, गादीला टाके मारल्यावर कापड जसं आत ओढलं जातं तसं. वरून कितीही लेझर मारलं तरी खालचा टाका सुटत नाही. त्यासाठी सबसिजन करतात. जागा बधिर करून सुई त्वचेखाली आडवी घालतात आणि ते तंतू सोडवतात. आठ-पंधरा दिवस काळंनिळं दिसतं, बहुधा एकाहून जास्त वेळा करावं लागतं. तरीही अशा खड्ड्यांसाठी मला हा उपचार सगळ्यात जास्त पटतो, आणि जाहिरातींत तो जवळपास कधीच दिसत नाही, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही.

ताणूनही जे टाचणीने टोचल्यासारखे खोल, अरुंद राहतात, साधारण दोन मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचे, ते बर्फ फोडायच्या टोच्यावरून नाव पडलेले आइसपिक खड्डे. त्यांच्या तळापर्यंत ना लेझर नीट पोहोचतं ना सुयांचा रोलर. तिथे टीसीए क्रॉस करतात. तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, ६५ ते १०० टक्क्यांचं, बारीक काडीने फक्त खड्ड्याच्या तळाला टेकवतात. क्षणात पांढरं होतं, काही दिवसांनी खपली पडते, आणि पुढच्या आठवड्यांत तळापासून नवं कोलाजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, तयार होत खड्डा उथळ होतो. तीन-चार वेळा तरी लागतं. हे ॲसिड थेंबभर बाहेर सांडलं तर खड्डा रुंद होतो, म्हणून घरी करायचा विचारही मनात आणू नकोस. फार खोल असेल तर तो खड्डा छोट्या गोल पंचने काढून टाका घालणं हा सोपा आणि चांगला उपाय आहे.

तिसरे, कड सरळ आणि तळ सपाट असलेले, त्यांना बॉक्सकार म्हणतात. यातल्या उथळ खड्ड्यांवर आणि एकूण पोतावर मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल (त्वचेवर बारीक ठिपक्यांत चालणारं) लेझर यांचं काम चालतं. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी दीड-दोन मिलिमीटर खोल छिद्रं पाडतात, त्वचा दुरुस्तीला लागते आणि कोलाजेन बनतं. साधारण महिन्याच्या अंतराने तीन ते सहा बैठका. दोन-तीन दिवस लाली राहते. याच सुयांच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता देणारी यंत्रंही आहेत. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर जास्त जोरकस, बैठका कमी लागू शकतात, पण आठवडाभर खपल्या आणि लाली, आणि सावळ्या त्वचेला नंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त. म्हणून तुझी त्वचा सावळी-गव्हाळ असेल तर मी आधी सबसिजन, क्रॉस आणि मायक्रोनीडलिंग, आणि लेझर गरज उरलीच तर शेवटी, कमी ताकदीवर, असा क्रम सुचवेन. घरी वापरायचा रोलर नको. मुरुमावरून फिरला की संसर्ग पसरतो.

हनुवटीच्या कडेला, छातीवर किंवा खांद्यावर उंचवटा येऊन राहिला असेल तर तो खड्ड्याच्या उलट प्रकार, केलॉइड. असं काही असेल तर सुई-लेझरच्या आधीच डॉक्टरांना दाखव, कारण अशा त्वचेला जखम केली की आणखी केलॉइड येऊ शकतात. त्यावर उंचवट्यातच ट्रायमसिनोलोन टोचणं आणि सिलिकॉन जेल, हा पहिला मार्ग.

कोलाजेन सावकाश बनतं. खड्ड्यांचा उपचार संपल्यावरही तीन ते सहा महिने फरक वाढत राहतो. पूर्ण सपाट त्वचा कोणीही देऊ शकत नाही. ‘एका बैठकीत खड्डे गायब’ असं जो लिहितो त्याच्याकडे जाऊ नकोस. ज्याच्याकडे जाशील त्याला विचार: माझ्या कुठल्या खड्ड्यांवर कुठला उपचार आणि का? माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे केलंय का, फोटो दाखवता का? काळा डाग पडला तर पुढे काय करणार? यंत्र कोण चालवणार, तुम्ही की मदतनीस? सगळ्यांच्या सगळ्या खड्ड्यांवर एकच यंत्र सांगणारा माणूस तुझे खड्डे बघत नाहीये.

वेळेचा अंदाज हवा असेल तर साधारण असा. पहिले एक-दोन महिने ट्यूब सोडवण्यात, पुढचे सहा-आठ महिने मुरुम थांबवण्यात. आयसोट्रेटिनोइन घेतलंस तर ते संपल्यावर खोल लेझरसाठी पूर्वी सहा महिने सरसकट थांबायला सांगत. आता हलक्या पील आणि मायक्रोनीडलिंगसाठी तेवढं थांबणं गरजेचं मानत नाहीत, पण तो निर्णय तुझ्या डॉक्टरांवर सोड. मुलाचा विचार मध्येच आला तर खड्ड्यांचं काम खुशाल पुढे ढकल. खड्ड्यांना घाई नसते, वर्षाने केलेला उपचारही तेवढाच लागू पडतो. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेव आणि मधल्या काळात आरशाचा भिंगवाला भाग वापरू नकोस.

कॅमेऱ्याचं वाचून वाईट वाटलं. तू लिहिलंस, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी रडणं बरोबर नाही.’ ही एवढीशी गोष्ट नाही. मुरुमांमुळे लोक माणसांत जाणं टाळतात, निराश होतात, आणि त्या निराशेवरही उपचार लागतात. जेवण-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांइतकीच मानसोपचारतज्ज्ञांची भेट गरजेची आहे, आणि ती बारा आठवडे थांबवायची नाही. ‘चेहऱ्याला काय झालं?’ विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. ‘उपचार चालू आहेत’ एवढं पुरे, आणि विषय बदल.

ता. क. मध्ये विचारलंस, मेकअप लावला तर चालेल का. चालेल. छिद्रं न बुजवणारा, म्हणजे नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेला घे, औषध आणि सनस्क्रीन लावल्यावर लाव, स्पंज-ब्रश दर आठवड्याला धू, दुसरीचे वापरू नकोस. लाल डागांवर आधी हिरवट छटेचा आणि काळपट डागांवर नारिंगी छटेचा कन्सीलर टिपून मग वरून फाउंडेशन लावलंस तर पातळ थरातही झाकलं जातं. रात्री कितीही दमलीस तरी उतरवून झोप. सुया किंवा लेझर झाल्यावर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत काही लावायचं नाही.